तिसऱ्या स्टेजचं जंगल

तुम्ही कधी अशा माणसाला मारलं आहे का, ज्यानं तुमचं काहीही बिघडवलेलं नाही, आणि मारल्याबद्दल तुम्हाला गुण मिळाले आहेत? नाही म्हणायची घाई करू नका. हातात दांडा असेल, समोर काच असेल आणि पाठीमागे पोरं "मार, मार" ओरडत असतील, तर तुम्ही मारलं असेल. मी मारलं आहे. पुष्कळ मारलं आहे आणि मला ते आवडायचं. त्या आवडीपासूनच सुरुवात करते, कारण आवडलंच नव्हतं असं सांगून खेळाला शिव्या घालणं सोपं असतं.

अक्कलकुव्याच्या बाजारपेठेत माझ्या वडिलांचा, आबांचा, छापखाना होता. लग्नपत्रिकांवर आमचं घर चालायचं आणि पत्रकांवर आबा चालायचे. वनजमिनीचे दावे, रेशनचं धान्य, रस्ता, दवाखाना, काहीही असो, आबांचं पत्रक तयार असायचं. मी अक्षरं ओळखायला शिकले ती 'जाहीर निषेध' या दोन शब्दांवरून. शाळेत बाईंनी 'माझी आई' हा निबंध लिहायला सांगितला, तेव्हा मी शेवटच्या ओळीत 'वरील बाबींची तातडीने दखल घ्यावी' असं लिहून आले होते. आई आठवडाभर हसत होती. नंतर तिनंच तो कागद आबांना दाखवून विचारलं, "मग, घेणार का दखल?"

छापखान्याला लागून गेमचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची खोली, हिरवा पडदा आणि पडद्यामागं उभं एक लाकडी कपाट. कपाटात काच, काचेत खेळ, काचेखाली माणसं चालवायला दांडे आणि मारायला बटणं. सुरतेतल्या कुठल्यातरी बंद पडलेल्या दुकानातून ते मशीन आलं होतं. वरच्या पाटीवरचं नाव कुणीतरी खरवडून काढलेलं, त्यामुळं खेळाचं खरं नाव आम्हाला कधी कळलं नाही. सगळे त्याला 'मारामारी' म्हणायचे. काचेवर इतकी वर्षं तेच चित्र जळून बसलं होतं की मशीन बंद असतानाही आकड्यांच्या फिकट सावल्या दिसायच्या.

खेळ साधा होता. शहरातला एक मोठा गुंड कुणाची तरी मुलगी पळवून नेतो. आपण तिला सोडवायला निघायचं. डावीकडून उजवीकडं चालत जायचं आणि जो समोर येईल त्याला बुकलायचं. रेल्वेचं यार्ड, मग बाजार, मग जंगल, मग कारखाना, शेवटी उंच इमारत. वाटेत पिंपं असायची. पिंप फोडलं की आत अख्खी भाजलेली कोंबडी निघायची. ती जमिनीवरून उचलून खाल्ली की अंगातली ताकद परत. आजही सांगते, त्या कोंबडीइतकं चविष्ट मी काही पाहिलेलं नाही.

त्या दुकानात मुली जात नसत. मी जायचे, कारण छापखान्याच्या मागच्या दारातून सरळ पडद्यामागं पोचता यायचं. पहिल्या दिवशी एक दहावीतला दांडगा पोरगा म्हणाला, "अय पोर, तू आठे काय करी ऱ्हायनी? घर जाय, भाकरी कर."

मी म्हणाले, "भाकरी तुन्ही माय करी ऱ्हायनी, म्हनीसन तू आठे शे."

पोरं फिस्सकन हसली. दुकानदार, ज्याला सगळे नाना म्हणायचे, खुर्चीतून न उठता बोलला, "ऱ्हाऊ दे रे तिले. बाप तिन्हा पेपरमा छापी दी आपलं नाव." तेवढ्यावर मला जागा मिळाली. आबांच्या पत्रकांचा मला झालेला तो पहिला रोख फायदा.

माझा जोडीदार त्याच दुकानात मिळाला. तो माझ्याच वयाचा, डोंगरातल्या पाड्यावरचा, गावातल्या आश्रमशाळेत राहणारा. त्याचा बाप आबांची पत्रकं पाड्यापाड्यांवर पोचवायचा. बाजाराच्या दिवशी बाप खाली उतरायचा, छापखान्यात आबांशी बोलत बसायचा आणि पोरगा त्याला भेटायला शाळेतून यायचा. मोठी माणसं बोलायला लागली की आम्ही मागच्या दारानं पसार. घरी तो भिली बोलायचा, शाळेत मराठी आणि माझ्याशी बाजारात शिकलेली अहिराणी. तिन्ही भाषांत कमीच बोलायचा. खेळताना मात्र तोंड बंद नसायचं.

"कोंबडी तू खाय, मन्ही ताकद शे."

"मांगे गुंड शे, मांगे!"

"ती जमिनवरनी कोंबडी तू धुतीस बी नही का वो?"

या खेळाची खरी गोडी कशात होती ते सांगते. दोघं खेळत असाल, तर एकटा पुढं जाऊ शकत नाही. एक मागं राहिला की चित्र सरकतच नाही. पुढचा पडद्याच्या उजव्या कडेला जाऊन धडका देत राहतो, पण रस्ता उघडत नाही. मागच्याला घ्यायला परत यावंच लागतं. आबांच्या पत्रकांत 'एकजूट' हा शब्द दर तिसऱ्या ओळीत असायचा. मी तो वाचला होता, घोकला होता, हातानं घड्या घातल्या होत्या. पण खांद्याला खांदा लावून उभं राहणं म्हणजे काय, ते मला त्या कपाटापुढं कळलं. तिथं त्याचा डावा खांदा माझ्या उजव्या खांद्याला खरोखरच लागलेला असायचा. बाजारपेठेत एरवी त्याला कुणी आमच्या ओट्यावर बसू दिलं नसतं. पाणी वरून ओतलं असतं. कपाटापुढं त्याच्याकडं बघायला कुणाला वेळ नव्हता. सगळे काचेकडं बघत असायचे, आणि काचेत तो लाल बनियनवाला होता.

काचेतल्या माणसांपैकी मी पहिलवान घ्यायचे. पिवळ्या कपड्यांतली एक बाईही होती, पण ती घ्यायची मला लाज वाटायची. ती लाथ मारायची तेव्हा पोरं शिट्या वाजवायची. तिची ताकदही सगळ्यांत कमी ठेवलेली. तिचा एक ठोसा म्हणजे पहिलवानाची टिचकी. पळवलेली मुलगी तर बोलायचीसुद्धा नाही. सुरुवातीला खुर्चीला बांधलेली दिसायची, नंतर थेट शेवटी. मधल्या सगळ्या वेळात ती काय करत होती, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. ज्यांनी हा खेळ केला त्यांना तर नाहीच.

बाकी खोटही सांगून टाकते. सगळी मिळून पाच-सहाच माणसं होती, तीच पुन्हा पुन्हा यायची. निळ्या शर्टातला गुंड मेला की थोड्या वेळानं तोच हिरव्या शर्टात. त्याच तोंडाचा, तसाच चालणारा. दुसऱ्या स्टेजचा बॉस तर निव्वळ लबाडी होता. तो चाबूक फिरवायचा आणि आपण उठायच्या आत पुन्हा पाडायचा. कौशल्यानं तो हरत नव्हता, आपण पुन्हा पुन्हा मरून, पुन्हा पुन्हा नाणं टाकलं तरच हरायचा. हुशारीला तिथं काही किंमत नव्हती. खिशाला होती. नानाला हे चांगलं माहीत होतं. तो बॉस आला की नाना बिडी पेटवायचा.

पण आम्ही त्यालाही हरवलं. एका कोपऱ्यात उभं राहून, एकानं त्याचं लक्ष वेधायचं आणि दुसऱ्यानं मागून धरायचं, ही युक्ती माझ्या जोडीदाराला सुचली. होळीच्या आधीचे दिवस होते. बॉस पडला, दुकानात आरडाओरडा झाला, आणि पहिल्यांदाच आमच्या दोघांसमोर तिसरी स्टेज उघडली.

जंगल.

झाडं बरी काढली होती. मागं डोंगर होता, धबधबा होता. मला क्षणभर वाटलं, तोरणमाळच आहे. मग उजवीकडून माणसं आली. उघडी, काळी, अंगावर पांढरे ठिपके, कमरेला काहीतरी लोंबणारं, डोक्यावर पिसांचा उंच टोप. हातात भाले. ती उड्या मारत यायची आणि तोंडातून माकडासारखा आवाज काढायची. शहरातल्या गुंडाला मारताना त्याच्या ताकदीच्या पट्टीवर त्याचं नाव दिसायचं. भले ते पाच-सहाच असोत, प्रत्येकाला नाव होतं. या सगळ्यांना मिळून एकच शब्द होता. मी तो इंग्रजी शब्द अडखळत वाचला. त्याचा अर्थ होता रानटी.

ज्यांना आमच्याकडची होळी माहीत नाही, त्यांच्यासाठी सांगते. सातपुड्यात होळीच्या दिवसांत काही पुरुष नवस घेऊन बुध्या होतात. अंगावर राख आणि पिठाचे पांढरे ठिपके, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचा टोप. ते दिवस पाळणीचे. खाटेवर बसायचं नाही, पायात काही घालायचं नाही, भांडणतंटा करायचा नाही. बुध्या दारात आला की लोक त्याला मान देतात. त्या वर्षी माझ्या जोडीदाराचा बाप बुध्या होणार होता.

माझ्या जोडीदारानं दांडा सोडला नाही. पण बटणावरचा हात काढून घेतला.

"मार ना!" मी ओरडले.

"नही."

"कसाले?"

"ते बुध्या शेतस."

मागून कुणीतरी हसलं. दहावीतला दांडगा म्हणाला, "अरे, गेम शे तो! डोकं फिरनं का तुन्हं?"

तो कुणाकडं बघत नव्हता. लाल बनियनवाल्याला तो त्या माणसांच्या मधून चालवायला लागला. भाल्यांना चुकवत, वरून वाट काढत, खालून वाट काढत. त्याला त्यांच्या बाजूनं पलीकडं जायचं होतं, इतकंच. तो पलीकडं गेलाही. उजव्या कडेपर्यंत पोचला आणि तिथं अडकला. कारण या खेळाचा कायदा असा की समोरचे सगळे मेल्याशिवाय 'पुढं चला' म्हणणारं बोट दिसत नाही. तुम्ही कुणाला न मारता जाऊ शकत नाही. तशी सोयच ठेवलेली नाही. वर घड्याळ चालू होतं, ते संपत आलं.

"रस्ता उघडी ना आते," तो हळूच म्हणाला. मशीनला म्हणाला असावा.

घड्याळ संपलं. आम्ही दोघंही एकदम कोसळलो. नाना म्हणाला, "मशीन काय झाडनी सावली शे का रे, नुसतं हुबं ऱ्हावाले?" पोरं आमच्यावर चिडली, कारण पुढची स्टेज कशी आहे ते कुणालाच दिसलं नाही. मी त्याच्यावर त्यांच्यापेक्षा जास्त चिडले. पण मागच्या दारानं छापखान्यात आलो, तर त्याचा बाप जमिनीवर बसून पत्रकांचा गठ्ठा बांधत होता. अनवाणी. त्याच्या पायांकडं बघितलं आणि मी गठ्ठ्याची दोरी धरायला खाली बसले.

त्यानंतर आमचा एक रिवाजच पडला. दुसरी स्टेज संपली की आम्ही दोघं बाजूला व्हायचो. उरलेला खेळ फुकटात मिळतो म्हणून पोरं कपाटावर तुटून पडायची आणि आम्ही ओट्यावर बसून शेंगा खायचो. आतून माकडांचे आवाज यायचे. मग कपाट गेलं, नाना गेला, सगळ्यांच्या हातात मोबाईल आले. छापखानासुद्धा बंद झाला. आबांची पत्रकं आता मी लिहिते आणि ती फोनवरून जातात.

इथपर्यंत ही बालपणाची गोष्ट होती. माझा राग पुढच्या भागात आहे.

खापर गावाच्या पुढं, गुजरातच्या हद्दीलगत, हायवेला माझ्या सख्ख्या मामाचं हॉटेल आहे. मामाची जमीन रस्त्यात गेली, आलेल्या पैशांतून त्यानं रस्त्यावरच दुकान मांडलं. एसी हॉल, काठियावाडी थाळी, पोरांना झोपाळा. गुजरातेत फिरायला जाणाऱ्या गाड्या तिथं थांबतात. गेल्या वर्षी मामाला कुणीतरी सांगितलं, की शहरांतल्या लोकांना हल्ली जुनं आवडतं. म्हणून त्यानं एका कोपऱ्यात जुना रेडिओ, जुनी सायकल, आणि कुठूनतरी एक जुनं गेमचं कपाट आणून ठेवलं. मी बघताच ओळखलं. नानाचंच ते नव्हतं, पण खेळ तोच. पाटी नवी लावलेली, काच स्वच्छ. नाणं लागत नव्हतं, जेवणाऱ्याला खेळ फुकट.

माझा जोडीदार तिथंच कामाला होता. दोन वर्षं सुरतेकडं बांधकामावर राहून तो परतला होता. तिथल्या धुळीनं बायकोचा दमा बळावला, म्हणून त्याला इथंच काम हवं होतं, घराजवळ. मीच मामाला विचारलं होतं. मामानं ठेवलं. टेबलं पुसायची, गाड्या लावायला जागा दाखवायची, आणि हा कोपरा सांभाळायचा. सकाळी गिऱ्हाईक नसताना तो कपाट पुसायचा. मी गेले की एखादा डाव व्हायचा. हात विसरले नव्हते. कोपऱ्याची युक्तीसुद्धा जमली. जंगल आलं की दोघंही हात सोडायचो आणि तो फडकं उचलायचा.

एका सकाळी तो आत गेल्यावर मी एकटीनं तो खेळ शेवटपर्यंत बघायचं ठरवलं. फुकट होता, म्हणून पुन्हा पुन्हा मरता येत होतं. जंगल पार केलं. मारूनच पार केलं, दुसरा मार्ग नव्हता. कारखान्यात गेले. तिथं मला वाटलं, आता कळेल की हा कारखाना कुणाचा, गुंडाला पैसा कुठून येतो, जंगलातली माणसं त्याच्यासाठी का लढत होती. काही कळलं नाही. उंच इमारतीत एक सूटवाला होता, त्याला मारलं, तो खिडकीतून पडला. शेवटाला दोन चित्रं. मुलगी हसते. शहरावर सूर्य उगवतो. इतकी माणसं बुकलून झाली ती एवढ्यासाठी. वरचा एक माणूस पडला की खालचं सगळं सुरळीत होतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा खेळ केला होता.

फाल्गुन लागला. मामानं एकदा कोपऱ्यात लोकांना फोटो काढताना बघितलं. कुणाचा तरी मुलगा जंगलाच्या स्टेजपर्यंत पोचला होता आणि त्याची आई काचेतल्या पिसांच्या टोपांसकट त्याचा फोटो काढत होती. मामाच्या डोक्यात दिवा पेटला. त्यानं माझ्या जोडीदाराला बोलावलं. मी तिथंच थाळीवर बसले होते.

"अरे, तुमनाकडे होळीले असाच ड्रेस ऱ्हास ना? मोरना पिसांना?"

"हा, शेठ."

"मंग तो घाली ये ना. मशीनना बाजूले हुबा ऱ्हाय. फोटो काढतीन लोके. पगारमा वाढ करसू तुन्हा."

तो शेजारचं टेबल पुसायला लागला. मी घास खाली ठेवला. या वर्षी त्यानं स्वतः नवस घेतला होता. बायकोच्या छातीसाठी. बाप थकला होता, बापाचा टोप आता त्याच्या डोक्यावर येणार होता. तो टोप होळीच्या दिवसांखेरीज बाहेर काढत नाहीत.

"तो असा नही घालतस, शेठ," तो म्हणाला. "नवसना शे तो."

"मंग दुसरा आनू," मामा म्हणाला. सुरतेत सगळं मिळतं, त्यात त्याला काही अडचणच दिसली नाही. "सुरतमा बठं भेटस."

मी मामाशी भांडले. काउंटरवर, गिऱ्हाइकांसमोर भांडले. म्हणाले, "मामा, तुम्ही सप्ताहात टाळ घेऊन उभे राहता. उद्या कुणी तुमच्या गळ्यात प्लास्टिकची माळ घालून गेमशेजारी उभं केलं तर?"

मामा हसला. "बेटा, तू पत्रकवाली. तुले बठामा अन्यायच दिसस. मी त्याले उपाशी ठेवी ऱ्हायनू का? आनि मी कोठे सांगस? गिऱ्हाईक मागस."

"गिऱ्हाइकानं कधी मागितलं?"

"फोटो काढस ना? मंग ते मागनंच झायं."

मी घरी गेले आणि पत्रक लिहिलं. चांगलं लिहिलं. 'देवाचा वेष, धंद्याची जाहिरात' असं शीर्षक दिलं. दुसऱ्या दिवशी पाठवायच्या आधी त्याला वाचायला दिलं. तो पार्किंगमधल्या कडुनिंबाखाली बसून शांतपणे वाचत होता. आता तो मला ताई म्हणतो, केव्हापासून ते आठवत नाही.

"ताई, तुन्हं पत्रक बी गेमसारखंच शे."

"म्हणजे?"

"एक बॉस, बाकी बठा त्यान्हा मानसं. मामा पडना की व्हयनं काम." त्यानं कागदाची नीट घडी घातली. "मामा नही पडाव. मी पडसू. मंग बायकोले लई सुरत जासू. तठली धूळ तिले मारी टाकी."

"मग तू घालणार ते प्लास्टिक?"

"घालसू. खोटं शे म्हनीसन घालसू. खरा टोप मांगता तर नोकरी सोडता."

मला त्याचा संताप आला. नंतर कळलं, की त्यानं एक रेघ आखली होती आणि ती माझ्या सगळ्या पत्रकांपेक्षा ठळक होती. खोट्या पिसांनी त्याचा नवस मोडत नव्हता. पोट चालत होतं. अपमान होता तो अपमानच, पण तो कुठं संपतो आणि आपण कुठून सुरू होतो हे त्यानं ठरवलं होतं. मी पत्रक पाठवलं नाही. आजही मला नक्की सांगता येत नाही, की ते शहाणपण होतं की हार.

सुरतेहून पुडकं आलं. गुलाबी-निळी नायलॉनची पिसं, बिबट्याच्या ठिपक्यांचं कापड, प्लास्टिकचा भाला. आमच्या सातपुड्यात कुणी कधी असलं काही घातलेलं नाही. ते सगळं थेट काचेतून बाहेर आलं होतं. तो कपाटाशेजारी उभा राहायचा. गाड्यांतून उतरलेली माणसं त्याच्या खांद्यावर हात टाकायची. पोरं म्हणायची, "अंकल, आवाज काढा ना, गेममधल्यासारखा." तो आवाज काढायचा नाही. एका बाईनं त्याला अंगावर ठिपके काढायला लिपस्टिक देऊ केली. तो नको म्हणाला, तर ती मामाकडं तक्रार घेऊन गेली. लोक वाईट नव्हते. बऱ्याच जणांनी जाताना त्याला हसून 'थँक यू' म्हटलं. नाव मात्र मी बसले होते तेवढ्या वेळात कुणी विचारलं नाही.

मग होळी आली. त्यानं पाळणीच्या दिवसांची सुट्टी मागितली. आधीच सांगून ठेवलं होतं, मामा तेव्हा "बघू" म्हणाला होता. होळीला लागून शनिवार-रविवार, गाड्यांची रांग. मामा म्हणाला, "सीझनमा सुट्टी नही. तुन्हा फोटोसाठे तर लोके थांबतस."

तो म्हणाला, "शेठ, खरा घालाले चालनू."

त्यानं नायलॉनची पिसं काढली, घडी केली, काउंटरवर ठेवली. चपला हातात घेतल्या आणि अनवाणी चालायला लागला. मार्चचं ऊन, हायवेचं डांबर. मी गाडीवर सोडते म्हटलं, तर त्यानं नकाराची मान हलवली. पाळणी सुरू झाली होती.

त्या होळीला मी डोंगरावर गेले. रात्रभर ढोल होते. बुध्यांच्या रांगेत मी त्याला शोधत होते आणि मला तो ओळखू आला नाही. राखेत आणि ठिपक्यांत सगळे सारखे दिसत होते. मग एक रांगेतून जरा बाहेर झुकला आणि माझ्याकडं बघून हसला. त्याचा बाप बाजूला काठी टेकून बसला होता. बायको पदरानं तोंड झाकून खोकत होती, पण बघत होती. आजूबाजूच्या म्हाताऱ्या त्याच्या पायाशी वाकत होत्या. तेव्हा माझ्याजवळ फोन होता. मी काढला नाही.

होळीनंतर तो कामावर गेला. कपाटाशेजारी दुसरा उभा होता. वयानं लहान, दुसऱ्या कुठल्या पाड्यावरचा, तीच गुलाबी पिसं. मामानं माझ्या जोडीदाराकडं बघून दोन्ही हात पसरले, म्हणजे आता काय करणार. मामा त्याच्यावर ओरडला नाही, हिशोब चुकता केला, वर चहा पाजला. मला या चहाचा जास्त राग येतो. पंधरा दिवसांत तो आणि त्याची बायको सुरतेच्या गाडीत बसली. सध्या तिथंच आहेत. फोनवर बोलताना मागं काँक्रीटच्या मिक्सरचा आवाज असतो आणि मधे मधे तिचा खोकला. मी तब्येत विचारते. तो म्हणतो, "बरी शे."

मी मामाकडं पुन्हा गेले होते. त्यानं मला बसवलं, थाळी मागवली, आणि तेच सांगितलं. भाचीचं ऐकून धंदा बदलत नाही. पत्रक वाचून तर नाहीच. गिऱ्हाईक मागतं ते द्यावं लागतं. गिऱ्हाईक म्हणालं, नको, तर दुसऱ्या मिनिटाला पिसं काढून ठेवू. आमना काय हट्ट शे का?

मामा खोटं बोलत नाही, हे मला माहीत आहे. आणि त्याच्यासारखं हॉटेल या रस्त्यावर एकच नाही, हेही माहीत आहे.

म्हणून हे तुम्हाला सांगते, कारण गिऱ्हाईक तुम्ही आहात, मी नाही. सुट्टीत तुमची गाडी हायवेवरच्या अशा एखाद्या हॉटेलपुढं थांबेल. जेवा, पोरांना खेळू द्या, खेळ खरंच मजेचा आहे. तिथं पिसं लावलेला माणूस उभा असेल, तर फोन खिशातच ठेवा. त्याला नाव विचारा, आणि त्यानं सांगितलं तर लक्षात ठेवा. मग बिल द्यायला काउंटरवर जाल तेव्हा मालकाला, बाकीच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, एवढंच सांगा: "आम्हाला हे नको आहे. त्या माणसाला ही पिसं काढू द्या, त्याचं काम मात्र काढू नका." दुसरं वाक्य विसरू नका. पहिलं म्हणून तुम्ही गाडीत बसाल आणि निघून जाल. दुसरं म्हटलं नाही, तर सुरतेच्या गाडीत तो बसेल.